परदेशातून आलेली आईची पाकिटं: तिकिटं सोडवावीत की पाकिटं तशीच ठेवावीत?

नारळीबाग (अलिबाग)

नमस्कार मंडळी. इथे टपाल संग्राहक बरेच आहेत म्हणून विचारते.

माझ्याकडे आईला आलेली साधारण दीडशे पाकिटं आहेत. सगळी इस्रायलहून, सगळी एकाच हातची. आईची शाळेतली मैत्रीण आमच्याच गावातल्या इस्रायल आळीत राहायची. कुटुंब बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. १९६४ साली मावशी (मी त्यांना मावशीच म्हणते) लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिकडे गेल्या, आधी दिमोनाला, मग अश्दोदला. तेव्हापासून आई जाईपर्यंत पत्रं येत राहिली. आतला मजकूर मराठी, अक्षर शाळेच्या वहीतलं वळणदार. पत्ता आधी इंग्रजीत आणि त्याच्याखाली पुन्हा मराठीत, पोस्टमनला सोपं जावं म्हणून.

माझा भाचा सातवीत आहे, तिकिटं जमवतो. पाकिटं पाहिल्यापासून कोपरे कापून पाण्यात टाकू या म्हणून मागे लागलाय. मुंबईच्या एका विक्रेत्याला फोटो पाठवले तर तो म्हणाला, तिकिटं सोडवून आणा, पाकिटाला कोणी विचारत नाही. माझं मन धजत नाही. पण मन धजत नाही एवढं सांगून लहान मुलाला परत पाठवणं बरं नाही. त्याला पटेल असं कारण हवंय.

एका पाकिटाबद्दल सांगते. शिक्का नोव्हेंबर १९७३ चा. त्या ६ ऑक्टोबरला तिकडे युद्ध सुरू झालं होतं. पाकिटाच्या मागे, जी पट्टी दुमडून चिकटवतात तिच्यावर निळ्या बॉलपेनने मराठीत ओळ आहे: "आम्ही खुशाल. हे परवा घरी आले. बाकी आत." आईला पाकीट फोडेपर्यंतसुद्धा थांबावं लागू नये म्हणून बाहेरच लिहून टाकलं. एरवी आई पट्टीखाली बोट घालून पाकीट फाडायची. हे मात्र तिने कात्रीने आखूड बाजूची कड कापून उघडलंय, त्यामुळे ती ओळ शाबूत आहे.

आणखी काही शंका आहेत. काही तिकिटांना खालून एक जोडपट्टी आहे, तिच्यावर हिब्रू अक्षरं आणि छोटं चित्र. ती तिकिटाचाच भाग धरायची का? आतली पत्रं पाकिटातच ठेवायची की बाहेर काढायची? बऱ्याच पत्रांना टाचण्या लावल्यात आणि त्या गंजल्यात. एकदोन गठ्ठ्यांना कसर लागलीय.

पोस्टखिडकी (नाशिकरोड)

ताई, एकही कोपरा कापू नका. मी ज्या गावात वाढलो तिथे देशाची तिकिटं छापली जातात, सुटी तिकिटं मी लहानपणापासून हाताळतोय. तरीही सांगतो, तुमच्याकडे जे आहे ते तिकिटांपेक्षा फार मोठं आहे.

भाच्याला कारण हवंय ना, तर त्याला एक पाकीट समोर ठेवून शिक्का वाचायला सांगा. शिक्का अर्धा तिकिटावर बसलेला असतो आणि अर्धा कागदावर. कापलं की गाव एकीकडे जातं, तारीख दुसरीकडे. मग पाकीट उलटं करायला सांगा. मागे मुंबईचा किंवा अलिबागचा शिक्का सापडेल. आपल्याकडे बाहेरून आलेल्या टपालावर पोचल्याचा शिक्का मागे मारण्याची पद्धत होती. पुढची तारीख आणि मागची तारीख वजा केली की दिमोनाहून अलिबागला पत्र यायला किती दिवस लागले ते कळतं. १९६५ ला किती, १९८५ ला किती, हे तुमच्या घरच्या पाकिटांवरून तो स्वतः काढू शकतो. सुट्या तिकिटावरून यातलं काहीही कळणार नाही.

आता पत्ता बघा. तुमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला. मावशींनी नवं नाव कधीपासून लिहायला घेतलं ते शोधा. माझा अंदाज आहे की त्या बरीच वर्षं कुलाबाच लिहीत राहिल्या असतील, कारण त्या सोडून गेल्या तो जिल्हा कुलाबाच होता. पिनकोडचंही तसंच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आपले कोकणातलेच. ४०२२०१ हा आकडा पहिल्यांदा कोणत्या पाकिटावर आला ते पाहा. तुमच्या आईने पत्रातून कळवल्याशिवाय तो दिमोनात कोणाला माहीत असणार?

तिकिटांच्या किमती तर डोळे उघडून पाहण्यासारख्या आहेत. सुरुवातीच्या पाकिटांवर लिरा आणि अगोरा असतील. १९८० मध्ये दहा लिरांचा एक शेकेल झाला. त्यानंतर महागाई इतकी भडकली की १९८४ मध्ये ती वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर होती, आणि १९८५ मध्ये हजार जुन्या शेकेलांचा एक नवा शेकेल करावा लागला. छापलेली किंमत महिन्या-दोन महिन्यांत अपुरी पडायची, म्हणून त्या काळात किंमतच न छापलेलं, ऑलिव्हच्या फांदीचं तिकीटही त्यांनी काढलं. तुमच्या १९८२ ते ८५ च्या पाकिटांवर ते आहे का बघा. एकाच बाईने एकाच पत्त्यावर पाठवलेली पाकिटं तारखेने मांडली की महागाई पायरीपायरीने चढताना दिसते. ती तिकिटं सोडवून वहीत लावली की राहतात फक्त डोंगर आणि समुद्राची चित्रं. १९७१ पासूनची ती निसर्गचित्रांची मालिका मोप छापली गेली, मुठीने मिळते.

जोडपट्टीबद्दल: संग्राहक तिला टॅब म्हणतात. हो, ती तिकिटाचाच भाग धरायची. इस्रायलच्या बहुतेक शीटांत ती सगळ्यांत खालच्या ओळीतल्याच तिकिटांना असते, म्हणून टॅबसकट तिकिटाला मागणी जास्त. सहज मिळत नाही, खिडकीवर मागून घ्यावी लागते. मावशी मागून घेत असणार. विक्रेत्याचा डोळा त्यावरच आहे.

एक गोष्ट विसरू नका. भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, पण दोन्हीकडे वकिलाती उघडल्या त्या १९९२ मध्ये. तुमची बहुतेक पाकिटं त्याच्या आधीची आहेत. दोन सरकारं एकमेकांशी जेमतेम बोलत होती त्या काळात अलिबागची एक बाई आणि दिमोनाची एक बाई मराठीत एकमेकींची खबरबात विचारत होत्या, आणि त्याचा तारीखवार पुरावा तुमच्या डब्यात आहे. असा एकहाती पत्रव्यवहार फोडायचा नसतो. देशवार, चित्रवार काही लावू नका. तारखेने लावा.

जपणुकीचं संध्याकाळी सविस्तर लिहितो.

लघुलहरी (जळगाव)

काकांशी शंभर टक्के सहमत. माझा संग्रह वेगळ्या वाटेने आला. ऐंशीच्या दशकात मी शॉर्टवेव्ह ऐकायचो आणि ऐकलेल्या कार्यक्रमाचा तपशील केंद्रांना लिहून पाठवायचो: वेळ, कोणत्या मीटर बँडवर लागलं, आवाज कसा होता, मध्ये कुणाचा अडथळा होता. ते उत्तरादाखल क्यूएसएल कार्ड, म्हणजे आमचा कार्यक्रम तुम्ही ऐकलात अशी पोच देणारं कार्ड, पाठवायचे. मॉस्को, कोलोनहून डॉइश वेले, हिल्वरसुमहून रेडिओ नेदरलँड, एक्वादोरच्या कीतोहून एचसीजेबी. गावात आमच्या दारी परदेशी पाकीट आलं की पोस्टमन हाक मारून द्यायचा.

ताईंना एक सांगायचंय. तिकीट नाही म्हणून पाकीट टाकून देऊ नका. मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या पाकिटांवर पुष्कळदा तिकीट नसतंच, मशीनचा लाल ठसा असतो. पोरं ती फेकून देतात. मला मात्र तीही प्रिय आहेत, कारण त्या ठशातही तारीख, गाव, कधी कधी केंद्राचं चिन्ह असतं.

माझ्याकडचा जिवापाड जपलेला भाग म्हणजे रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल. ते पूर्व जर्मनीचं केंद्र. त्यांच्या पाकिटांवर आधी डीडीआर (पूर्व जर्मनीच्या नावाचं लघुरूप) लिहिलेली तिकिटं. जुलै १९९० मध्ये पश्चिमेचा मार्क तिकडे चालू झाला आणि तिकिटांवर नुसतं डॉइश पोस्ट आलं. देश अजून होता, तिकिटावरून मात्र नाव गेलं होतं. २ ऑक्टोबर १९९० ला केंद्राचं शेवटचं प्रसारण झालं, दुसऱ्या दिवशी जर्मनी एक. माझ्याकडे त्या उन्हाळ्यातलं एक पाकीट आहे: पाठवणाऱ्याच्या पत्त्यात छापील डीडीआर, वर नव्या पैशातलं डॉइश पोस्टचं तिकीट, खाली जळगावचा शिक्का. तिकीट सोडवलं असतं तर छापील पत्त्याशी त्याचा मेळ तुटला असता आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पोस्टखिडकी (नाशिकरोड)

लघुलहरी, ते पाकीट पुढच्या महापेक्सला, आपल्या राज्याच्या तिकिट प्रदर्शनाला, घेऊन याच. पाहायला आवडेल.

ताई, आता जपणूक. तुम्ही कोकणात आहात, तुमचा पहिला शत्रू दमट हवा. पावसाळ्यात गठ्ठे उघडू नका, न चिकटलेल्या पट्ट्यांचा डिंक ओल धरतो आणि पाकिटं एकमेकांना चिकटतात. हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. हात धुऊन पुसून घ्या.

टाचणी ओढून काढू नका. गंज कागदाला धरून असतो, ओढली की भोकाभोवतीचा कागद निघून येतो. टाचणीच्या खाली आणि वर पारदर्शक पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवा, म्हणजे कागद घासणार नाही, मग अगदी सावकाश मागे सरकवत काढा. स्टेपल असेल तर मागचे दोन पाय आधी उचलून सरळ करा. गंजाचा डाग राहील, राहू द्या. खोडायचा, धुवायचा, पांढरा करायचा प्रयत्न नको. इस्त्री नको. फाटलेल्या जागी सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डिंक कागदात उतरतो. लॅमिनेशनवाल्याकडे कुणी नेऊ नका.

कसर लागलेले गठ्ठे बाकीच्यांपासून आजच वेगळे करा. मऊ ब्रशने झाडा, जुना डबा आणि जुने दोरे फेकून द्या. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या दर दोनतीन महिन्यांनी बदला किंवा गरम करून कोरड्या करून घ्या.

पिशव्या घेताना वास घ्या. उग्र प्लास्टिकचा वास येतो त्या पीव्हीसीच्या, त्या कागद आणि शाई दोन्ही बिघडवतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या मागा. एका पिशवीत एक पाकीट, मागे आम्लरहित कागदाचं पान. उभी ठेवा, दाटून नको.

पत्र बाहेर काढा. घडी घातलेला कागद आत राहिला तर पाकीट फुगतं आणि तिकिटावर घडी उमटते. पण पत्र आणि पाकीट यांची ताटातूट होऊ देऊ नका: दोन्हीच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने एकच क्रमांक घाला. बॉलपेन नको. आणि हे सगळं करण्याआधी पुढून-मागून फोटो काढून ठेवा, मागची बाजू लोक विसरतात.

भाच्याचं मन मोडू नका. त्याला पाण्यात टाकायला दुसरी तिकिटं द्या. नातेवाइकांच्या पाकिटांची, बँकेच्या टपालाची, किलोवर मिळणाऱ्या कात्रणांची. साधं थंड पाणी, तिकीट वरच्या अंगाला ठेवून तरंगू द्यायचं, आपसूक सुटलं की चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथं वाळवायचं. लाल-गुलाबी लग्नाची पाकिटं वेगळ्या भांड्यात, त्यांचा रंग सुटतो. हल्लीची स्वतः चिकटणारी परदेशी तिकिटं पाण्यात सुटत नाहीत, ती कागदासकट कापून ठेवायची.

मोकाकर (मॉरिशस)

सर्वांस नमस्कार. आमचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत काम करण्यास येथे आले. मी मराठी घरी आणि वर्गात शिकलो, त्यामुळे लिहिण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

ताई, पाकीट न कापण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या बेटाचे आणि तुमच्या मुंबईचे आहे. मॉरिशसने १८४७ साली आपली पहिली तिकिटे काढली, एक पेनीचे आणि दोन पेन्सचे. त्यांवर पोस्ट ऑफिस असे शब्द होते, आणि आज त्यांपैकी फारच थोडी उरली आहेत. १८५० च्या आरंभी येथून एक पत्र मुंबईला गेले, बायबल सोसायटीच्या सचिवांच्या नावे, त्यावर एक पेनीची दोन तिकिटे. ते पाकीट १८९७ मध्ये भारतातल्या एका बाजारात सापडले. १९६८ साली त्याला ३ लाख ८० हजार डॉलर मिळाले. ती दोन तिकिटे कुणी सोडवून घेतली असती तर ती मुंबईला गेली होती हे आज कुणाला सांगता आले नसते.

तुमच्या मावशींच्या पाकिटांची किंमत मी पैशात करत नाही. पण मला एक विचारायचे आहे. आईला आलेली पाकिटे तुमच्याकडे आहेत. आईने पाठवलेली कोठे आहेत? आमच्या घरी आजोबांना महाराष्ट्रातून आलेली पत्रे आहेत, आणि त्यांनी लिहिलेली तिकडे कुणाकडे असतील हे शोधणे माझे बरेच दिवसांपासून चालले आहे. पत्रव्यवहाराचा अर्धा भाग नेहमी दुसऱ्याच्या घरात असतो.

पेठेतली (पुणे)

मी या सगळ्यांत नवखी. माझ्याकडे जुनं काही नाही, सगळी पाकिटं गेल्या काही वर्षांतली. पोस्टक्रॉसिंगवरून ओळखी झाल्या (अनोळखी लोकांनी एकमेकांना पोस्टकार्डं पाठवायचा उपक्रम, २००५ मध्ये पोर्तुगालमधून सुरू झाला), त्यांतल्या दोघीतिघींशी पुढे नियमित पत्रं सुरू झाली. एक एस्टोनियात, एक जपानमध्ये. ज्यांना आजच्या काळात अशी पाकिटं हवीत त्यांना माझं एवढंच सांगणं, की समोरच्याला आधीच प्रेमाने कळवा: काउंटरवर छापील स्टिकर लावून देतात तो घेऊ नका, तिकिटं मागा आणि शिक्का हाताने मारून मागा. आणि त्यांनी मागितलं की आपणही तसंच करा. मी पोस्टात खिडकीवर उभी राहून शिक्का नीट उमटेपर्यंत बघत असते. तिथल्या ताई आता स्वतःच शाई नवी करून घेतात.

नारळीबाग ताई, मागच्या पट्टीवरची ती ओळ मी ऑफिसात दोनदा वाचली. ते पाकीट विकू नका हो.

नारळीबाग (अलिबाग)

सगळ्यांचे मनापासून आभार. विकायचं नाही, ठरलं.

काका, भाच्याला बसवलं. तो दोन दिवस मान वर न करता शिक्के वाचतोय. तुमचा अंदाज बरोबर निघाला: मावशी थेट १९८९ पर्यंत जिल्हा कुलाबाच लिहीत होत्या. एका पाकिटावर अलिबाग बारीक अक्षरात आणि कुलाबा ठळक आहे, त्याच्या मागे अलिबागच्या आधी मुंबईतल्या एका पोस्टाचा शिक्का आहे, बहुधा कुलाबा वाचून पत्र आधी मुंबईच्या कुलाब्याला गेलं असावं. भाच्याने ते वेगळं काढून ठेवलंय, म्हणतो हे माझं आवडतं. पिनकोड पहिल्यांदा १९७४ च्या पाकिटावर दिसला. आणि १९८४ च्या एकावर पुढे जागा पुरली नाही म्हणून मागेसुद्धा तिकिटं लावलीत, ऑलिव्हच्या फांदीची दोन त्यांत आहेत.

मोकाकर, तुमची मराठी आमच्या मुलांपेक्षा चांगली आहे. तुमचा प्रश्न वाचून अश्दोदला मावशींच्या मुलीला निरोप पाठवला. ती माझ्यापेक्षा थोडी लहान, मराठी बोलते, वाचायला अडखळते. तिचं उत्तर आलं की माझ्या आईची पत्रं तिच्याकडे आहेत, बिस्किटांच्या डब्यात, बहुतेक निळी घडीची. ती फेब्रुवारीत अलिबागला येणार आहे, घेऊन येऊ का विचारते. आतल्या मजकुरात दोन्ही घरांतल्या खासगी गोष्टी आहेत, तेव्हा कुणाला काय दाखवायचं ते आम्ही दोघी एकत्र बसून ठरवू. पण तोवर तिला काय सांगू?

पोस्टखिडकी (नाशिकरोड)

निळी घडीची म्हणजे एरोग्राम. त्यांवर तिकीट छापलेलंच असतं, मजकूर आतल्या बाजूला, त्यामुळे पाकीट आणि पत्र एकच. तिला सांगा, तिकिटाचा कोपरा कापलेला एखादा असेल तरी टाकू नकोस, मजकूर तर आहे. घड्या आहेत तशाच राहू दे, उलट्या घडीने दुमडू नकोस, घडीवरच ते फाटतात. निघण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून तुमच्याकडे पाठवून ठेवू दे. आणताना डबा सामानात द्यायचा नाही, हातातल्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये.

क्रमांक मात्र तिने घालू नयेत. दोन्हीकडची पत्रं एकत्र आली की तारखेने एकाच ओळीत लावा आणि मगच पेन्सिल हातात घ्या, नाहीतर सगळे आकडे खोडावे लागतील. फेब्रुवारीत तुमच्याकडे हवा कोरडी असते, तेव्हाच करा. सिलिका जेल लागलं तर मला कळवा, इथून पाठवतो. पार्सलवर तिकिटं लावून पाठवीन, तीही भाच्याला होतील.